एकदाच वाजायचं होतं ते

द. वि. पलुसकरांचं गाणं आज फोनवर शोधलं तर दोन तऱ्हेचं सापडतं. एक तबकड्यांवरचं. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटं चालायची, तेवढ्यात अख्खा राग बसवायचा. पलुसकरांना ते इतकं नेमकं जमायचं की कुठेही घाई वाटत नाही. पेटीत नीट घडी घालून ठेवलेल्या शालूसारखं ते गाणं आहे. दुसरं रेडिओवरचं. हे लांब आहे, त्यात थोडी खरखर आहे, तंबोरा कधी पुढे येतो कधी मागे जातो. एखादी तान घेऊन झाल्यावर ती पुन्हा, जराशी वेगळी करून घेतलेली ऐकू येते, कारण पहिली मनासारखी झाली नसावी. तबकडीत असं काही राहू शकत नव्हतं. वेळच नव्हता.

तबकडीसाठी गाताना माणसाला माहीत असतं की हे राहणार आहे. ते विकलं जाणार, लोक ते घरी नेऊन पन्नास वेळा लावणार. रेडिओसाठी गाताना त्या काळच्या गायकाच्या मनात काय असेल? ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी हे हवेत जाईल, ज्याच्या घरी रेडिओ चालू असेल तो ऐकेल, नसेल त्याचं राहिलं. मग उद्घोषक पुढच्या कार्यक्रमाचं नाव सांगेल. संपलं. त्यांनी होकार दिला होता तो एवढ्याला. आज मी ते कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये इअरफोन घालून चौथ्यांदा ऐकते, मधेच थांबवते, दहा सेकंद मागे जाते. ह्याला त्यांचा होकार होता का? आणि नसेल, तर त्यानं काही बिघडतं का?

प्रश्न चोंबडा वाटेल. माणूस जाऊन सत्तर वर्षं झाली, गाणं सुंदर आहे, ऐकणाऱ्याला आनंद होतो, मग अडलं कुठे? मलाही बराच काळ अडलं नव्हतं. पुढे एक घरगुती प्रकरण सांगणार आहे, त्यामुळे अडलं. पण आधी पलुसकरांबद्दल थोडं, कारण नाशिकमध्येही त्यांचं नाव घेतलं की लोक वडिलांबद्दल बोलायला लागतात.

वडील म्हणजे विष्णु दिगंबर. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं शाळेसारखं शिकवायला सुरुवात केली ते. पुढे मुंबईचं विद्यालय कर्जापायी हातचं गेलं आणि ते नाशिकला पंचवटीत येऊन राहिले. तिथे त्यांचा रामनाम आधार आश्रम होता. दत्तात्रेय, म्हणजे आपले द. वि., घरातले बापू, ह्यांचा जन्म नाशिकचा, २८ मे १९२१ चा. दहा वर्षांचे असताना वडील गेले. गाण्याचं खरं शिक्षण त्यानंतर विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ह्या वडिलांच्याच शिष्यांकडे झालं. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. १९४४ मध्ये पहिली तबकडी निघाली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’मध्ये अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी आहे, त्यातला बैजूचा आवाज ह्यांचा. १९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आले आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला मेंदूज्वरानं गेले. वय चौतीस.

चौतीस हे आपल्या संगीतात गायकाचं वय नाही. त्या वयात लोक ‘आशादायक’ असतात. म्हणजे पलुसकरांचं जे काही आपल्याकडे आहे ते एका आशादायक माणसाचं गाणं आहे, आणि आपण ते एका उस्तादाचं म्हणून ऐकतो. त्यातलं किती ह्या ओझ्याखाली वाकतं आणि किती वाकत नाही, हे रेडिओच्या ध्वनिमुद्रणांत जास्त कळतं. तबकडीत ते पूर्ण झालेले दिसतात. रेडिओवर ते अजून काहीतरी शोधताना सापडतात. म्हणून मला रेडिओवरचे पलुसकर जास्त जवळचे वाटतात. आणि नेमकं तेच त्यांनी ठेवण्यासाठी गायलेलं नव्हतं.

हे कोडं फक्त आपलंच नाही. बर्मिंगहॅममध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘द प्रीफेक्ट्स’ नावाचा एक बँड होता. पंकची पहिली लाट ओसरत होती आणि तिच्यातून अधिक वाकडंतिकडं, कोरडं, चिडकं असं काहीतरी निघत होतं. त्याला नंतर पोस्ट-पंक म्हणायला लागले. हा बँड १९७९ मध्ये मोडला तोवर त्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. पण बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील नावाचा निवेदक होता. १९६७ पासून २००४ मध्ये मरेपर्यंत त्यानं एक गोष्ट सातत्यानं केली. बँडना बीबीसीच्या स्टुडिओत बोलवायचं, एका दिवसात चारेक गाणी वाजवून घ्यायची आणि ती आपल्या रात्रीच्या कार्यक्रमात लावायची. ह्यामागे केवळ रसिकता नव्हती. विकत मिळणाऱ्या रेकॉर्डी रेडिओवर किती तास वाजवायच्या ह्यावर बीबीसीला करारानं मर्यादा होती, तिला ‘नीडल टाइम’ म्हणत. उरलेले तास भरायला काहीतरी वाजवून घ्यावंच लागायचं. प्रीफेक्ट्सनी पीलसाठी अशी दोन सेशन्स केली. बँड मोडल्यावर, १९८० मध्ये, रफ ट्रेडनं त्यांची सिंगल काढली ती ह्या सेशनमधूनच घेऊन. २००४ साली संग्रह निघाला तेव्हाही रेडिओवर वाजवलेलं तेच हाताशी होतं. ज्या बँडनं स्वतः काहीच मागे ठेवलं नाही, त्याला जगानं ओळखलं ते रात्रीच्या रिकाम्या तासांत भरलेल्या त्या गाण्यांमुळे.

नियमांमुळे कला घडते हे ऐकायला बरं वाटत नाही, पण आपल्याकडेही तेच झालं. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कडवा भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले, आणि त्यांना परत आणायला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. पण मधल्या वर्षांत जे तास रिकामे झाले ते भरायला केंद्रांनी कवी बोलावले, गायक बोलावले, सुगम संगीत नावाची गोष्ट वाढवली. शास्त्रीय संगीताला तर भरपूर वेळ मिळाला. पलुसकरांची ती लांब ध्वनिमुद्रणं ह्याच वातावरणातली. त्यांत पेटी ऐकू येत नाही ह्यालाही नियमच कारण आहे. हार्मोनियमला १९४० पासून रेडिओवर बंदी होती, ती उठायला सत्तरचं दशक उजाडलं. खुद्द पलुसकरांना पेटी हवी होती की नको, हा प्रश्नच तिथे नव्हता. मंत्र्याच्या आवडीनं दिलेल्या वेळात, साहेबाच्या नावडीनं ठरवलेल्या साथीवर ते गात होते.

आता न राहिलेल्यांबद्दल. टेप महाग होती. एका टेपवर कार्यक्रम घ्यायचा, वाजवायचा, आणि तिच्यावरच पुढचा घ्यायचा, ही जगभरच्या रेडिओची रीत. बीबीसीनं बीटल्सच्या सेशन्ससुद्धा सगळ्या ठेवल्या नव्हत्या. १९९४ मध्ये त्यांचा रेडिओवरच्या गाण्यांचा अल्बम निघाला तेव्हा त्यातलं काही श्रोत्यांनी घरी टेप करून ठेवलं होतं म्हणून मिळालं. बीटल्सची ही गत, तर आपल्याकडच्या बी-ग्रेडच्या गायिकेचं काय? आकाशवाणीची श्रेणीपद्धत अजून आहे. ऑडिशन द्यायची, मग बी, बी-हाय, ए, आणि सर्वांत वर टॉप. श्रेणीवर मानधन ठरतं, कार्यक्रमाची वेळ ठरते, आणि कोणाची टेप कपाटात जाईल नि कोणाची पुसली जाईल ह्यावरही तिची सावली पडत असणारच. ह्या श्रेणीच्याही आधी एक दार होतं. १९४६ मध्ये वल्लभभाई पटेलांकडे हे खातं असताना, ज्यांचं खाजगी आयुष्य ‘लोकापवादाचा विषय’ आहे अशांना रेडिओवर गायला मनाई झाली. म्हणजे कोठ्यांवर गाणाऱ्या बायका. ज्यांनी ठुमरी-दादरा पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवला त्या बाहेर, आणि त्यांच्याकडून किंवा त्यांच्या उस्तादांकडून शिकलेल्या घरंदाज मुली आत. पुढच्या रसिकांनी निवाड्यासाठी ज्याला हात घालायचा तो ढीगच असा निवडून झालेला होता.

म्हणून ‘काळाच्या चाळणीतून जे राहतं तेच खरं’ असं कोणी म्हणालं की मला चाळणी कोणाच्या हातात होती हे विचारावंसं वाटतं. भास्करबुवा बखल्यांचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. ते राहिले ते शिष्यांच्या गळ्यात आणि लोकांच्या आठवणीत. ते एवढे मोठे की तसे राहू शकले. मधल्या उंचीच्या माणसाला ही सोय नसते.

आणि राहिलेल्यातही एक राहणं दुसऱ्याला झाकतं. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, वर्षभर, दर आठवड्याला एक गाणं असं चाललं. एकूण छप्पन्न गाणी. ज्या ऑक्टोबरमध्ये पलुसकर गेले त्या ऑक्टोबरात ते अर्ध्यावर आलं होतं. मूळ मालिकेत वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते. माणिक वर्मांची सीता होती, ललिता फडक्यांची कौसल्या होती, वसंतराव देशपांडे होते, राम फाटक, सुरेश हळदणकर होते. आज ‘गीतरामायण’ म्हटलं की आपल्या कानात एकच आवाज येतो, सुधीर फडक्यांचा. त्यांनी ते पुढे एकट्यानं गावोगाव गायलं, त्याच्या रेकॉर्डी निघाल्या, आणि तो आवाज त्या गाण्यांचा झाला. त्यात वाईट काही नाही, बाबूजींनी ते ज्या जिवानं गायलं त्याला तोड नाही. पण सीतेचं दुःख बाईच्या आवाजात ऐकलं की कानाला आधी चुकल्यासारखं वाटतं आणि मग लक्षात येतं की मूळ हेच होतं. मूळ असूनही पाहुणं वाटावं, हे रेडिओवरच्या गाण्याचंच नशीब दिसतं.

इथवर मी ठेवण्याच्या बाजूनंच बोलतेय हे उघड आहे. टेप पुसली गेली म्हणजे अन्याय झाला, सापडली म्हणजे न्याय झाला. आता ते घरगुती प्रकरण.

माझी मावशी सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि पुढची काही वर्षं एका रेडिओ केंद्रावर सुगम संगीत गायची. नाशिकहून एसटीनं जायचं, सकाळी ध्वनिमुद्रण करायचं, संध्याकाळी परत. करारपत्र पोस्टानं यायचं, मानधनाचा चेक मागाहून. नंतर लग्न, नोकरी, दोन मुलं, आणि मग ते बंद झालं. का बंद झालं ह्याबद्दल ती ‘झालं बंद’ एवढंच सांगते. मागच्या वर्षी तिच्या जुन्या शेजाऱ्यांनी घर आवरताना एक कॅसेट दिली. त्यांनी तेव्हा टू-इन-वनवर रेडिओवरून टेप केलेली. एका बाजूला कुठल्या तरी नाटकाचा अर्धा अंक आणि दुसऱ्या बाजूला मावशीची तीन भावगीतं.

मी ती डिजिटल करून घेतली. आवाज चोविसाव्या वर्षीचा, पातळ, सरळ, थोडा घाबरलेला. मधल्या गाण्यात अंतऱ्याला वर जाताना स्वर किंचित उतरतो आणि ती पुढच्याच ओळीत तो सावरून घेते. मला ती तीन गाणी फार आवडली. मावसभाऊ, म्हणजे तिचाच मुलगा, म्हणाला, यूट्यूबवर टाकू. मावशी म्हणाली, ‘नको.’

‘का गं?’

‘ते त्या दिवसाचं होतं. झालं ते.’

तिला वाटलं विषय संपला. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘तू पलुसकर ऐकतेस ना रोज? त्यांना कुठे विचारलंस?’

ह्याला माझ्याकडे झटकन उत्तर नव्हतं. मी तेव्हापासून ते शोधतेय.

पहिलं सुचलेलं उत्तर असं, की पलुसकर हयात नाहीत, मावशी आहे. हयात माणसाचा शब्द ऐकायचा. पण हे उत्तर मला लवकरच भिकार वाटायला लागलं. माणूस मेल्यानं त्याची इच्छा मरत असेल तर मृत्युपत्र कशाला करतात? आणि मग मावशीच्या बाबतीत आपण फक्त थांबायचं का, ती जाईपर्यंत? असा विचार करणाऱ्या माणसाबरोबर मला जेवायलासुद्धा बसवणार नाही.

दुसरं उत्तर: पलुसकर व्यावसायिक कलावंत, लोकांसाठी गाणं हेच त्यांचं काम. मावशी हौशी. ह्यात थोडं तथ्य आहे. पण ती मानधन घेत होती, करारावर सही करत होती, आणि तिचं गाणंही त्याच हवेतून तितक्याच अनोळखी घरांत गेलं. ती सभेत गायली नाही असं म्हणता येणार नाही. सभा दिसत नव्हती एवढंच.

तिसरं उत्तर जरा टिकलं. लोकांनी ऐकावं ह्याला होकार देणं म्हणजे लोकांनी कसंही ऐकावं ह्याला होकार देणं नाही. रेडिओचं ऐकणं एका वेळचं होतं. चुकलं तर ऐकणाऱ्याचं चुकलं, आणि गाणाऱ्याचं चुकलं तर तेही वाऱ्यावर गेलं. दोन्ही बाजूंना सारखीच माफी होती. फोनवरच्या ऐकण्यात गाणारा एकटाच उघडा आहे. त्याचा उतरलेला स्वर आता कायमचा उतरलेला, मिनिट-सेकंदासकट दाखवता येणारा. खाली कोणी तरी त्याची तुलना करणार, आणि गाणं संपायच्या आत पुढचं कोणाचं तरी सुरू होणार. म्हणजे त्यांनी ज्या व्यवहाराला हो म्हटलं तो व्यवहारच राहिलेला नाही. मग निदान आपण आपल्या बाजूनं तो पाळावा. पलुसकरांचं लावायचं तर अख्खं लावायचं, मागे-पुढे करायचं नाही, तुकडा कापून स्टेटसला ठेवायचा नाही. मी काही महिने हे करून पाहिलं. गाणं जास्त चांगलं ऐकू येतं, हे खरं. पण प्रश्न सुटला असं वाटलं नाही. ऐकण्याची शिस्त ही माझी सोय झाली, त्यांचा होकार नाही.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला अन्नपूर्णा देवी आहेत. त्यांनी जाहीर वाजवणं बंद केलं, ध्वनिमुद्रण होऊ दिलं नाही, आणि २०१८ मध्ये जाईपर्यंत मुंबईच्या घराचं दार बंदच ठेवलं. तरी त्यांच्या वादनाची काही ध्वनिमुद्रणं फिरतात, त्यांच्या नकळत घेतली गेलेली. मी ती ऐकत नाही. ह्यात त्याग वगैरे नाही, ज्यांना सतारीतलं आणि सूरबहारातलं कळतं त्यांच्यासाठी असेल. पण ‘नको’ हा शब्द त्यांनी आयुष्यभर, स्वच्छ, कारणासकट किंवा कारण न देता उच्चारला होता. केसरबाई केरकरही ह्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून जी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर आवाज आहे तो त्यांचाच, भैरवीतला. याननं उड्डाण केल्यावर दोनच आठवड्यांत त्या गेल्या. तो तुकडा मात्र त्यांनी तबकडीसाठीच गायलेला होता, हे विसरायचं नाही. राहण्यासाठी गायलेलं राहिलं, जरा लांब गेलं इतकंच.

मग ‘नको’ म्हटलं की नको, असा सरळ नियम करावा? इथे मला भावाचं म्हणणं पुन्हा ऐकू येतं, आणि तो तेव्हा जे बोलला नाही तेही. आपल्याकडे बायकांना ‘नको’ म्हणायला लहानपणापासून शिकवतात. ताटात आणखी वाढू का? नको. पुढे बसतेस का? नको. तुझं नाव घालू का पत्रिकेत? नको, माझं काय एवढं. सगळ्या ‘नको’ंचा आदर करायचा ठरवला तर उद्याच्या संग्रहात फक्त तेच आवाज राहतील ज्यांना स्वतःबद्दल कधी शंका आली नाही. ते कोणाचे असतील हे सांगायला नको. एकदा श्रेणीनं पुसलं, एकदा टेपच्या किमतीनं पुसलं, आणि आता विनयानं पुसायचं? तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली ती दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून. लोकांच्या तोंडी होती म्हणून ती वर आली असं म्हणतात. लोकांनी तेव्हा ‘महाराज, तुमची परवानगी आहे ना’ असं विचारत बसायला नको होतं, एवढं नक्की.

म्हणून मी मावशीला पुन्हा विचारलं. ह्या वेळी नीट, ती एकटी असताना, दुपारी. हे ‘नको’ तुझं आहे का कोणाचं? मी इतकं सरळ विचारलं नाही, पण तिला कळलं.

ती म्हणाली, ‘अगं, आमच्याकडे गणपतीत गा म्हटलं तरी मी उठून आत जायचे. समोर माणसं दिसली की गळा धरायचा. रेडिओत कोणी नसायचं. काचेपलीकडे एक माणूस, तोही खाली बघत बसलेला. दिवा लागला की गायचं. कोणी बघत नाहीये म्हणून मी गाऊ शकले. तू ते टाकलंस की त्या खोलीत माणसं आणून बसवलीस. चोवीस वर्षांच्या मुलीसमोर. ती गप्प बसेल.’

मी ह्यावर बराच विचार केलाय. रेडिओनं किती बायकांना गाऊ दिलं ह्याबद्दल आपण बोलतो ते नेहमी प्रतिष्ठेच्या अंगानं. रंगमंचावर चढणं घराला चालत नव्हतं, रेडिओ चालला. ते आहेच. पण मावशी वेगळं सांगत होती. तिच्यासाठी तो स्टुडिओ म्हणजे जगातली एकच खोली होती जिथे ती ऐकलीही जात होती आणि कोणाच्या नजरेतही नव्हती. गाणं हवेत जातं आणि परत येत नाही, हा त्या माध्यमाचा दोष म्हणून आपण मोजतो. तिच्यासाठी तीच त्याची ओसरी होती, सावलीची. तिथे बसूनच तो आवाज निघाला. ते छप्पर काढून गाणं तेवढं ठेवू म्हटलं तर ठेवता येईल, फाइल काही मोडत नाही. पण मी तिला जे विचारत होते ते फाइलबद्दल नव्हतं.

पलुसकरांबद्दल मला अजून असं काही ठरवता आलेलं नाही. ते सभांचे गायक होते, समोर माणसं बसली म्हणून त्यांचा गळा धरत नव्हता. कदाचित ते म्हणाले असते, ठेवा की, फक्त ती दुसरी तान काढून टाका. कदाचित पन्नाशीला पोचून त्यांनी स्वतःच ते सगळं जुनं मोडीत काढलं असतं, आणि आपल्याकडे वेगळेच, जास्त मोठे पलुसकर असते. चौतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाकडे आपलं मत बदलायला वेळ नव्हता, हे मला त्याच्या बाजूनं लक्षात ठेवावंसं वाटतं. मी त्यांचं ऐकणं सोडलेलं नाही. सोडणारही नाही. पंचवटीत पलुसकरांच्या नावाचं सभागृह आहे, त्याच्यावरून जाताना ज्या पलुसकरांचं नाव लोक घेतात त्यांच्यापेक्षा मुलाचाच आवाज माझ्या कानात असतो, हे त्या ध्वनिमुद्रणांमुळेच. पण आता एखाद्या ठिकाणी ते तान पुन्हा घेतात तेव्हा मी दहा सेकंद मागे जात नाही.

कॅसेटचं काय झालं ते सांगून टाकते. भावानं अपलोड केली नाही. आईचं ऐकायचं नाही असा तो नाही, त्याला फक्त वाईट वाटत होतं. त्यानं एवढं केलं की एका अॅपवर टाकून ती फाइल साफ केली. खरखर गेली, घोंघों गेली, गाण्यांच्या आधीचं-मागचं बोलणं कापलं. तीन गाणी तीन वेगळ्या फाइलींत, लख्ख. मावशीच्या फोनवर पाठवली. तिनं एकदा ऐकली आणि मला फोन केला, ‘कांदा कुठे गेला?’

मूळ कॅसेटवर तिसरं गाणं संपलं की उद्घोषक तिचं नाव सांगतो, माहेरच्या आडनावासकट, आणि लगेच बाजारभाव सुरू होतात. लासलगावचा कांदा, किमान इतका, कमाल इतका. शेजाऱ्यांना टेप बंद करायचं सुचेपर्यंत एक-दोन बाजारपेठा होऊन जातात. मी तिला मूळ फाइल पाठवली. ती तीच लावते.